शेजारच्या आजींनी दिलेला डेलिलीचा गड्डा

शेजारच्या आजींनी परवा, बहर ओसरल्यावर, डेलिलीचा, म्हणजे लिलीसारखी फुलं येणाऱ्या झाडाचा, एक भलामोठा गड्डा खणून काढला आणि अर्धा मला दिला. ओळख म्हणाल तर कुंपणापलीकडून हात हलवण्यापुरती. इथे परदेशातली माणसं तुटक असतात, असं आपल्याकडे फार सहज बोललं जातं, म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

काम बघण्यासारखं होतं. गड्डा जुना होऊन मध्ये दाटी झाली की फुलं कमी येतात, म्हणून तीन ते पाच वर्षांनी तो फोडावाच लागतो. आजींनी पाइपने माती धुतली, तर आत मांसल मुळ्यांचा नुसता गुंता. दोन बागकामाचे काटे पाठीला पाठ लावून मधोमध रोवले, दांडे विरुद्ध दिशांना ओढले, आणि फुटवे मुळांसकट सुटे झाले. पानं वीतभर ठेवून छाटली. लावताना पानं आणि मुळं जिथे जुळतात तो भाग मातीखाली इंचभरच ठेवायचा, दोन रोपांत दीड-दोन फूट अंतर. आणि ऊन! निदान सहा तास थेट. आपल्याकडे बाग म्हटलं की आधी सावलीची सोय बघतात. इथे मी उन्हामागे फिरून कडेचा वाफा निवडला.

फोनवर फोटो दाखवला आणि एकेक फूल दिवसभरच टिकतं म्हणाले, तर घरच्यांचा पहिला प्रश्न, ‘फूल एकच दिवस टिकतं? मग काय उपयोग?’ मला हे लागलं. अहो, जास्वंदही एका दिवसात मिटते, तिला कुणी असं विचारतं का? डेलिलीच्या एकेका दांड्यावर कितीतरी कळ्या, एका गड्ड्यात कितीतरी दांडे, त्यामुळे रोज नवं फूल. माझी ‘स्टेला डी ओरो’ आहे, डेलिलीच्या नव्या जाती तयार करणाऱ्या वॉल्टर जाब्लोन्स्की यांनी 1975 मध्ये नोंदवलेली बुटकी पिवळी जात. पहिला बहर सरला तरी ती पुन्हा पुन्हा फुलते. सगळीकडे दिसते म्हणून शौकीन बागवाले नाक मुरडतात. मुरडू देत. परक्या हवेत इतक्या बिनतक्रार फुलणाऱ्या झाडाला मी तरी साधारण म्हणणार नाही.

वाळकी फुलं मात्र रोज खुडावीत, म्हणजे वाफा नीटस दिसतो.

गड्डा हातात देण्याआधी आजींनी एवढंच विचारलं होतं, ‘घरी मांजर आहे का?’ डेलिली मांजरांना विषारी आहे, खाल्ली तर मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. तुमच्याकडे मांजर असेल, तर लावू नका.