हिरवळीवरचे पिवळे ठसे

2023 चा पितृपक्ष. लग्नाच्या लॉनवाल्यांना पावसाळा सरता सरता हेच पंधरा दिवस मोकळे मिळतात, कारण या दिवसांत कुणी कार्य काढत नाही. नाशिकजवळच्या एका लॉनची देखभाल माझ्याकडे आहे. वीस गुंठे हिरवळ, सगळी सिलेक्शन वन, म्हणजे बारीक पानाची हरळीच. त्या वर्षी तिच्यात लव्हाळा इतका माजला होता की कापणीनंतर तिसऱ्याच दिवशी त्याची पाती हरळीच्या वर दोन बोटं दिसायची.

लव्हाळा उपटून जात नाही. खाली त्याच्या गाठी असतात, एकीतून दुसरी, दोऱ्यात ओवल्यासारख्या. वरून ओढला की दोरा तुटतो आणि मागं राहिलेली गाठ नव्यानं फुटते. म्हणून हॅलोसल्फ्युरॉन हे तणनाशक मारायचं ठरवलं. ऊसवाले लव्हाळ्यासाठी हेच वापरतात, एकरी 36 ग्रॅमची पुडी. हरळी त्याला दाद देत नाही, लव्हाळा मात्र दोन-तीन आठवड्यांत पिवळा पडून बसतो. पानावर चिकटावं म्हणून सोबत स्टिकर, म्हणजे चिकटवणारं द्रावण, टाकायचं.

फवारणीच्या दिवशी मला दुसऱ्या साइटवर जावं लागलं. माझ्याकडे पेठ तालुक्यातला एक पोरगा कामाला आहे, हाताचा स्वच्छ आणि सांगितलेलं तंतोतंत करणारा. त्याला पुड्या मोजून दिल्या, पाणी किती, चाल कशी ठेवायची, सगळं सांगितलं. त्यानं 16 लिटरच्या बॅटरी पंपानं सहा पंप मारले.

अकराव्या दिवशी मालकांचा फोन आला. "भाऊ, जरा येऊन जा. लॉन पिवळं पडतंय."

"आप्पा, लव्हाळा पिवळा पडतोय तो. पडायलाच पाहिजे," मी म्हणालो. न बघता बोललो. ते वाक्य मला अजून टोचतं.

जाऊन पाहिलं तर स्टेजसमोरचे सात गुंठे गव्हाच्या काडासारखे झालेले. लव्हाळा पिवळा होताच, पण त्याच्यासोबत हरळीही. मागचे तेरा गुंठे हिरवेगार. दोन्हींच्या मधली हद्द फुटपट्टीनं आखल्यासारखी सरळ होती. रोग कधी सरळ रेषेत येत नाही, पाण्याचा ताणही येत नाही. सरळ रेषा दिसली की माणसाचा हात शोधायचा.

मग मला ते ठसे दिसले. पिवळ्या पट्ट्यातून निघून हिरव्या गवतावरून नळाकडे गेलेली पावलं. गमबुटाची, एकोणीस मोजली मी. प्रत्येक पावलाएवढंच गवत वाळलेलं, टाचेकडे गडद आणि चवड्याकडे फिकट. नळाजवळ येता येता ती पुसट होत गेलेली. मी गुडघ्यावर बसून एका ठशावर हात फिरवला. मधोमध एक कोवळं पान होतं, पांढरटपिवळं होत गेलेलं. हॅलोसल्फ्युरॉन हरळीचं असं काही करत नाही. ओल्या बुटाला लागलेल्या एवढ्याशा औषधानं पाऊलभर गवत मारावं, हे काम ग्लायफोसेटचं, सरसकट सगळं गवत मारणाऱ्या तणनाशकाचं.

शेडमध्ये गेलो. फळीवर स्टिकरच्या दोन बाटल्या होत्या, एक रिकामी आणि एक अर्धी. अर्धीतलं थोडं पाण्यात टाकून हलवलं. फेस आला, पण फेस तर दोन्हींना येतो. मग वर कोपऱ्यात पाहिलं आणि अंगावर काटा आला. पार्किंगच्या पेव्हरब्लॉकच्या फटींतलं गवत मारायला पूर्वी आणलेला ग्लायफोसेटचा कॅन तिथं असायचा. तो बुडाशी पाझरायला लागला तेव्हा उरलेलं औषध मीच एका रिकाम्या बाटलीत ओतलं होतं. स्टिकरच्या बाटलीत. 'नंतर लिहू' म्हणालो होतो.

पोरगा मागं येऊन उभा होता. त्याला सगळं कळलं होतं. चार पंपांनंतर पहिली बाटली संपली म्हणून त्यानं दुसरी उघडली होती आणि उरलेल्या दोन्ही पंपांना दोन-दोन झाकणं टाकली होती.

"दादा, माझ्या पगारातून कापा."

"बाटलीवर काय लिहिलं होतं?"

"स्टिकर."

"मग तू स्टिकरच टाकलंस."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला माझ्याच घराची आठवण झाली. आम्ही निफाडकडचे, द्राक्षवाले. मी लहान असताना शेजारच्या शेतात कुणीतरी टू-फोर-डी हे तणनाशक मारलं, वारा आमच्या बाजूचा होता, आणि आमच्या बांधाकडच्या वेलींची पानं पंख्याच्या घड्यांसारखी आकसली. त्यानंतर वडिलांनी तणनाशकाचा पंप वेगळा केला. त्यावर लाल रंगाचा पट्टा मारला आणि तो बागेत न्यायचाच नाही असा दंडक घातला. त्या घरात वाढलेला मी, आणि माझ्याच शेडमध्ये बिननावाचं विष.

आप्पांना सगळं खरं सांगितलं. चूक माझी, पोराची नाही, खर्च माझा. तुळशीचं लग्न झालं की चौथ्या दिवशी, 28 नोव्हेंबरला त्यांच्याकडे मोठं लग्न होतं, आगाऊ रक्कम घेतलेली. ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग एवढंच म्हणाले, "सहा आठवडे आहेत. बोला, काय करता?"

जो तो सल्ला द्यायला लागला. कुणी म्हणे भरपूर पाणी सोडा, धुऊन जाईल. कुणी म्हणे कोळशाची भुकटी पसरा. पण ग्लायफोसेट पानातून आत शिरतं आणि मुळापर्यंत उतरतं. जे मातीवर पडतं ते मातीच्या कणांना धरून बसतं, आमच्या काळ्या मातीत तर जास्तच. अकरा दिवसांनी धुवायला काही उरलेलं नसतं. आता प्रश्न एकच होता, जमिनीखाली जिवंत काय आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी खुरप्यानं बारा ठिकाणी उकरून पाहिलं. हरळीची जमिनीखालची काडी नखानं चिरायची. आत पांढरी आणि रसरशीत असेल तर ती परत येणार. तपकिरी आणि सुतळीसारखी कोरडी असेल तर गेली. कडेच्या तीन गुंठ्यांत पांढरी निघाली. मधल्या चार गुंठ्यांत एकही नाही. पोरगा प्रत्येक काडी चिरून माझ्यासमोर धरायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा.

मला खरी धास्ती हॅलोसल्फ्युरॉनची होती, कारण ते मातीत काही काळ काम करत राहतं. नवी मुळं खुंटली असती तर सगळी मेहनत फुकट. म्हणून त्या मेलेल्या जागेतली माती चार कुंड्यांत भरली, मागच्या हिरवळीतल्या काड्या त्यांत खोचल्या आणि रोज पाणी दिलं. सातव्या दिवशी कुंडी उपडी केली. पेरापेराला पांढरी मुळं, बोटभर. दसरा तोंडावर होता. आमचा दसरा त्या कुंडीतच झाला.

तोवर मेलेलं गवत खरवडून, दाताळ्यानं ओढून जागा मोकळी केली होती. वर दोन इंच लाल माती, वाळू आणि चाळलेलं कुजकं शेणखत, मग फळी मारून सपाटी. चारही गुंठे तयार कार्पेट, म्हणजे मुळं-मातीसकट विकत मिळणारी हिरवळ, अंथरलं असतं तर काम दोन दिवसांत उरकलं असतं, पण विकतच्या कार्पेटसोबत बऱ्याचदा लव्हाळ्याच्या गाठी येतात. ज्याच्यासाठी हे सगळं रामायण झालं तोच पैसे देऊन घरी आणायचा, हे मनाला पटेना. शेवटी कार्पेट फक्त स्टेजसमोरच्या दीड गुंठ्यात घातलं, कारण तिथं वेळच नव्हता. ते अंथरण्याआधी प्रत्येक तुकडा उलटा करून पोरानं खालून तपासला. उरलेल्या अडीच गुंठ्यांत आपल्याच मागच्या हिरवळीतल्या काड्या, चार-चार बोटांवर. सहा बायका तीन दिवस उकिडव्या बसून लावत होत्या. आप्पांनी जेवणाची टेबलं तिथून हलवून मागं घ्यायचं कबूल केलं. ते त्यांचं मोठेपण.

घाई होती ती थंडीमुळे. रात्रीचा पारा पंधराच्या खाली गेला की हरळी जागच्या जागी थबकते. पहिला आठवडा दिवसातून तीनदा हलकं पाणी, मग दोनदा. कडेच्या तीन गुंठ्यांना नुसती बारीक कापणी आणि चिमूटभर युरिया. दिवाळीपर्यंत तिथं हिरवे कोंब फुटले. कार्पेटचा कोपरा उचलून पाहिला तर तो उचलेना, मुळं धरली होती.

26 नोव्हेंबरला, रविवारी, अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. निफाडहून फोन आला, घरच्या बागेत मणी फुटून खाली सडा पडला होता. भाऊ फोनवर रडत होता आणि मी लॉनवर साचलेलं पाणी बघत उभा होतो. मला जायचं होतं, पण परवावर लग्न आलेलं. ती रात्र मी विसरणार नाही. पोरगा म्हणाला, "दादा, तुम्ही जा. मी आहे ना." मी गेलो. त्यानं एकट्यानं रात्रभर कडेनं चर काढून पाणी उतरवलं. सकाळी मंडपवाले रोलर फिरवू म्हणाले तेव्हा त्यानंच त्यांना अडवलं. ओल्या काळ्या मातीवर रोलर फिरला की ती विटेसारखी बसते, मुळांना श्वास उरत नाही. रोलरऐवजी चालायच्या वाटेवर प्लायच्या फळ्या टाकल्या. लग्न झालं.

ठशांवर मी मुद्दाम काही लावलं नव्हतं. बाजूची हरळीच हळूहळू त्यांत शिरत गेली. डिसेंबरात थंडीनं ती थांबली आणि संक्रांतीलाही नळाकडचे सात-आठ ठसे ओळखू येत होते.

होळीच्या सुमारास एकदा लॉनवर गेलो तर पोरगा कार्पेटच्या शिवेवर ओणवा बसला होता. लव्हाळ्याचा एक कोंब आला होता. बोटात धरून फिरवला की काडीच्या तीन धारा लागतात, हरळीची काडी गोल लागते. मी जवळ बसलो. त्यानं ओढला नाही. वीतभर लांबून खुरपं घातलं, माती सैल करत करत आत गेला आणि दोरा न तोडता एकामागून एक पाच गाठी बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवल्या. मग खड्ड्यात पुन्हा बोटं घालून सहावी शोधायला लागला.