मामांचा गाळा, दुसरा मजला, मागची बाजू

2010 चं साल आमच्या शहराला लई चढलं होतं. तेव्हा औरंगाबादच म्हणायचे. ऑक्टोबरात इथल्या लोकांनी एका झटक्यात 150 मर्सिडीज घेतल्या आणि ते पेपरात एवढं गाजलं की ज्याच्याकडं लुना होती त्यालाबी वाटायला लागलं आपण कुठंतरी पैसा गुंतवायला पाहिजे. प्रोझोन मॉल त्याच वर्षी सुरू झाला. मग काय, बायपासकडच्या बिल्डरांनाबी चेव आला, आणि आमच्या मामांनी पैठणकडची जमीन विकून एका मॉलमध्ये गाळा घेतला. तुम्ही काहीच करायचं नाही, ब्रँड येईल, भाडं घरपोच, असं सांगितलं होतं त्यांना.

आज शटर जाम झालं म्हणून मामांनी मला ग्रीस घेऊन बोलावलं. सरकता जिना बंद, त्याच्यावरनं चालतच वर जायचं, आणि त्याच्या पायऱ्या साध्या जिन्यापेक्षा उंच असतात हे मामांच्या गुडघ्यांना विचारा. एसी कधीचाच बंद, वरच्या काचेतनं ऊन सरळ आत, एप्रिलमध्ये दुसऱ्या मजल्यावर अक्षरशः भट्टी. शेजारच्या शटरवर बँकेची ताबा नोटीस, तिच्यावर कोणीतरी पोलीस भरतीच्या क्लासची जाहिरात चिकटवलेली.

सगळे म्हणतात ऑनलाईननं मॉल मारला. मला नाही पटत, निदान ह्या मॉलबद्दल तरी नाही. ऑनलाईन तर गुलमंडीच्या जुन्या बाजारालाबी आहे की, तरी लग्नसराईत तिथं आणि टिळक पथला पाय ठेवायला जागा नसते. इथं घोळ असा झाला की बिल्डरनं एकेक गाळा सुटा विकला आणि मोकळा झाला. चालणारे मॉल शक्यतो गाळे विकत नाहीत, भाड्यानं देतात, कधीकधी भाडंच विक्रीच्या टक्क्यात असतं, म्हणून मालकालाबी गिऱ्हाईक वर चढावं असं वाटतं. इथं एक मालक लातूरला, एक दुबईला, एक वारला आणि त्याच्या पोरांचं कोर्टात चालू. खाली कपड्याचं दुकान की झेरॉक्स, हे ठरवणारं कोणीच नाही. त्यात तळमजल्यावरचं मोठं किराणा दुकान लॉकडाऊननंतर गेलं (2022 ला तर बिग बझारसारखं नाव देशभरातनं गेलं, हे तर साधं दुकान), त्याच्या जीवावर येणारी गर्दी गेली, रिकाम्या गाळेवाल्यांनी मेंटेनन्स भरणं सोडलं, मेंटेनन्स नाही म्हणून एसी नाही, एसी नाही म्हणून उरलेलेबी गेले.

आणि हे काय आपल्याकडंच नाही. नाईट फ्रँक म्हणून जागा-मालमत्तेची सल्लागार कंपनी आहे, तिच्या 2024 च्या रिपोर्टात 40 टक्क्यांच्या वर रिकामे असलेले 64 मॉल मोजलेत, तेबी मोठ्या शहरांतले. आपल्यासारख्यांची तर गणतीच नाही.

आता ह्या सगळ्यात एकच जागा भरलेली आहे, जुन्या जीन्सच्या शोरूममधली अभ्यासिका. बीड, परभणी, हिंगोलीकडची पोरं एमपीएससी करतात. प्लायवूडचे कप्पे, प्रत्येकाला एक प्लग आणि एक ट्यूबलाईट, भिंतीवर नकाशा. ट्रायल रूमचे आरसे तसेच आहेत, आतमध्ये उभं राहून पोरं घरी फोन करतात कारण बाहेर बोललं की ओरडा बसतो. मालकानं खिडकीतले कूलर आणलेत स्वतःच्या पैशानं, मॉलच्या भरवशावर राहिलाच नाही तो. मला तर ब्रँडपेक्षा हे बरं वाटलं, जागा कोणाच्यातरी कामाला आली.

मामांना नाही वाटलं. ग्रीस लावून शटर वर गेलं तर आत बिल्डरच्या काळातलं ब्रोशर पडलेलं, ते झटकून खिशात घातलं त्यांनी. म्हणलं मामा, तुम्हीबी अभ्यासिकेला देऊन टाका. तर म्हणले, "बापू, त्या भाड्यात मेंटेनन्सची थकबाकीबी फिटत नाही, आणि जमिनीचा आजचा भाव माहितीये का तुला?" माहितीये. समृद्धी महामार्ग झाल्यापासून सगळ्या घराला माहितीये, फक्त मामींसमोर कोणी काढत नाही.