कुत्रा आला तर पळू नकोस, आणि चावला तर लपवू नकोस

शाळेत सेशन घ्यायला गेलं की बाई आधी एका बाजूला घेऊन सांगतात, मॅडम मुलांना एवढंच सांगा की कुत्र्यांच्या नादी लागू नका. बरोबर आहे, पण नादी लागायचं नाही म्हणजे नक्की करायचं काय हे पाचवीच्या पोराला कुठे कळतं? क्लास सुटल्यावर अंधारात गल्लीतून येताना समोर तीन कुत्री उभी राहिली तर त्याला एकच सुचतं, धूम ठोकायची. आणि नेमकं तेच करायचं नसतं, कारण पळणाऱ्या गोष्टीच्या मागे लागणं हे कुत्र्याच्या रक्तातच आहे, मग ती गाडी असो, सायकल असो नाहीतर दप्तर पाठीवर घेऊन पळणारं मूल.

म्हणून मी बोलणं कमी करते आणि प्रॅक्टिसच घेते. एक जण कुत्रा होतो, बाकीचे झाड. पाय जुळवायचे, हात पोटाशी एकमेकांत अडकवायचे, नजर स्वतःच्या बुटांवर. कुत्र्याच्या डोळ्यात डोळे घालून बघायचं नाही, त्याला ते आव्हान वाटतं. ओरडायचं नाही, "हाड हाड" नाही, दगड उचलायचा नाही. मनातल्या मनात एकोणीसचा पाढा म्हणायचा (हे मुलांना फार आवडतं, आणि तेवढ्या वेळात बहुतेक कुत्री हुंगून निघून जातात). परवा एका शाळेत एक मुलगी अगदी छान उभी होती पण डोळे गच्च मिटलेले आणि दप्तराचा पट्टा इतका घट्ट धरलेला की बोटं पांढरी पडली होती. तिला म्हटलं डोळे उघडे ठेव बाळा, कुत्रा कुठे गेला ते तुला कळायला हवं ना. मग तो गेल्यावर पाठ न दाखवता हळूहळू मागे सरकायचं, हेही तिच्याकडून दोनदा करून घेतलं. दुसऱ्या वेळेला तिची बोटं सैल झाली होती.

सायकलवर असाल तर थांबा, खाली उतरा आणि सायकल तुमच्या आणि कुत्र्याच्या मध्ये ठेवा. पडलातच तर कासव व्हा, म्हणजे गुडघे पोटाशी, बोटं मानेमागे गुंफलेली, कोपरांनी कान झाकलेले. लहान मुलांची उंचीच अशी असते की चावा तोंडावर, मानेवर बसू शकतो, आणि तिथून रेबीजच्या विषाणूला मेंदूपर्यंतचं अंतर कमी, म्हणून तोंड-मान वाचवणं सगळ्यात महत्त्वाचं.

कुत्रा खात असेल, झोपला असेल, बांधलेला असेल किंवा पिल्लांजवळ असेल तर लांबूनच जायचं. पावसाळा संपला की सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये गाड्यांखाली पिल्लं दिसायला लागतात आणि मुलांना ती उचलायचीच असतात, पण आई आसपासच असते. शेपटी हलतेय म्हणजे कुत्रा खूश आहे असंही नाही, अंग ताठ असेल, कान मागे गेले असतील, ओठ वर करून गुरगुरत असेल तर तो सांगतोय की लांब राहा. ओळखीच्या शेजाऱ्यांच्या लॅब्रॅडॉरला सुद्धा आधी दादाला-ताईला विचारून, त्याला हात हुंगू देऊन मगच हात लावायचा, आणि गळ्यात पडून मिठी मारायची नाही.

पण खरं सांगू का, हे सगळं मुलं पटकन शिकतात. अवघड आहे तो पुढचा भाग. सेशनच्या शेवटी मी विचारते, कुत्रा चावला किंवा नख लागलं तर घरी कोण सांगेल? आधी सगळे हात वर. मग विचारते, आई ओरडणार असेल तर? की निम्मे हात खाली. कारण पिल्लाशी खेळू नको म्हणून सांगितलेलं असतं, किंवा क्लासवरून परस्पर मित्राकडे गेलेलं असतं. शिवाय आजी-आजोबांनी पोटात चौदा इंजेक्शनं घेतलेली ऐकलेली असतात. ती जुनी लस आपल्याकडे २००४-०५ मध्येच बंद झालीये हो! आता दंडात चार-पाच डोस असतात, पहिला त्याच दिवशी, पुढचे डॉक्टर सांगतील त्या तारखांना, आणि सगळे पूर्ण करायचे. रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं सीरमही (विषाणूला लगेच अडवणाऱ्या तयार अँटिबॉडीज) द्यावं लागतं, ते डॉक्टरांना आवर्जून विचारा. महापालिकेच्या मोठ्या दवाखान्यांत लस फुकट मिळते.

रेबीजची लक्षणं चाव्यानंतर साधारण दोन-तीन महिन्यांनी दिसतात, कधी आठवड्यात तर कधी वर्षानेही, आणि एकदा दिसली की जवळजवळ कोणीच वाचत नाही. म्हणजे पोरगं लपवतंय, छोटासा ओरखडा बरा होऊन गेलाय, घरात कुणाला पत्ता नाही, आणि वेळ निघून जातेय. म्हणून आईवडिलांना कळकळीने सांगते, मूल येऊन म्हणालं ना की कुत्रा चावला, तर "तिकडे गेलासच का" हे त्या दिवशी विचारूच नका. आधी नळाखाली धरा, साबण लावून वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद नाही, तिखट नाही, चुना नाही. मग लगेच दवाखाना. कुत्रा पाळीव आहे, त्याला लस दिलीये, पिल्लूच आहे, हे ठरवत घरी बसू नका, ते डॉक्टर ठरवतील.

भटक्या कुत्र्यांवरून आपल्याकडे सोसायटीच्या ग्रुपवर रोज भांडणं चालतात, खायला घालणारे एकीकडे, वैतागलेले दुसरीकडे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने शाळा, हॉस्पिटल, बसस्टँडच्या आवारातून कुत्री हलवायला सांगितलं. आवारात काय व्हायचं ते होईल, पण मूल गेटच्या बाहेर रस्त्यावरूनच घरी येतं. नसबंदी आणि कुत्र्यांचं लसीकरण व्हायलाच हवं, त्यासाठी भांडा जरूर, फक्त तोवर मुलाला उद्या सकाळी उभं कसं राहायचं ते शिकवून ठेवा.

२८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिवस असतो, शाळांना निमित्त हवं असेल तर हे घ्या. भाषण ठेवू नका, मैदानात झाड आणि कासव करून घ्या, व्हॅनवाल्या काकांनाही बोलवा कारण मुलं सकाळी त्यांचीच वाट बघत कोपऱ्यावर उभी असतात. आणि शाळेतल्या नळावर साबण आहे का ते बघा. मी जाते तिथे बऱ्याचदा नसतो.