रिकामा बोर्ड

उघड्या समुद्रात, वारा पाठीवर घेऊन लाटांवरून स्टँड-अप पॅडलिंग, म्हणजे बोर्डवर उभं राहून वल्हवणं, कसं करायचं ते मी शिकवतो. या कामातला पहिला नियम असा, की शिकवणाऱ्याने सगळ्यांच्या मागे राहायचं. 20 नॉटच्या, म्हणजे ताशी साधारण 37 किलोमीटरच्या, वाऱ्यात बोर्डवर उभं राहिलं की माणसाच्या अंगाचंच शीड होतं. उलटं फिरून वाऱ्याच्या तोंडावर वल्हवत जाणं जवळजवळ अशक्य. मागचा माणूस पुढच्यापर्यंत सहज पोचतो, पुढच्याला मागे येता येत नाही.

त्या दिवशी हा नियम मी मोडला.

12 किलोमीटरचा पल्ला होता, सोबत तिघंजण. लाटा चार-चार सेकंदांनी येत होत्या. खोल पाण्यात अशी लाट ताशी साधारण 22 किलोमीटरने धावते आणि सपाट पाण्यावर आपण जेमतेम 8-9 ने जातो. तरी ती सापडते. बोर्डची शेपटी उचलली गेली की चार-पाच जोरकस हात मारायचे आणि समोरच्या खळग्यात उतरायचं. मागे वळून बघायचं नाही, नजर सतत पुढच्या खळग्यावर. 12 सेकंदांची लांब लाट ताशी 67 किलोमीटरच्या आसपास पळते, तिच्या मागे लागण्यात अर्थ नसतो. पण खालून जाता जाता ती छोट्या लाटांना उभार देऊन जाते. त्या दिवशी तेच चाललं होतं. एकीवरून दुसरीवर, तिथून तिसरीवर, वल्हं पाण्याला लागतही नव्हतं. असं समुद्र वर्षात दोन-तीनदाच देतो. मी वाहवत गेलो. भानावर आलो तेव्हा दोघं शेजारी होते, तिसरी कुठेच नव्हती.

मग तिचा बोर्ड आला. रिकामा, वाऱ्याने आडवा होत, लाटांवरून एकटाच घसरत. घोट्याला बोर्ड बांधून ठेवणाऱ्या दोरीचं, लीशचं, वेल्क्रो उघडून लोंबत होतं. निघताना ते मी ओढून बघितलं नव्हतं.

बोर्ड दोघांच्या ताब्यात दिला, त्यांना बसून राहायला सांगितलं आणि वायरलेसवरून बोटीला कळवलं. बोर्ड ज्या रेषेतून आला त्याच रेषेत ती वाऱ्याच्या दिशेला वर असणार, एवढाच माग हाती होता. पोटावर झोपून हातांनी पाणी मारायला लागलो. दीड मीटरच्या लाटांमध्ये माणसाचं डोकं फक्त माथ्यावर आलं तर दिसतं, तेही क्षणभर. मला आधी तिची शिट्टी ऐकू आली. वारा तिच्याकडून माझ्याकडे होता म्हणूनच.

ती लाईफ जॅकेटमध्ये गुडघे छातीशी घेऊन तरंगत होती. बोर्डच्या मागे पोहत गेली नव्हती. तसं शिकवलेलं असतं, पण आपला बोर्ड डोळ्यांसमोर लांब जात असताना तसं थांबणं किती कठीण, ते पाण्यात पडल्याशिवाय कळत नाही. तिला माझ्या बोर्डवर पुढे पालथं झोपवलं, मी मागे. बोट येईपर्यंत तिचे दात वाजत होते.

"सर, मी लाटा मोजत होते," ती म्हणाली. "साडेतीनशेनंतर मोजणं चुकलं."

चार सेकंदांची एक लाट. मी मनात गुणाकार केला, आणि तिला काय सांगावं ते मला सुचलं नाही.