मॅकेंझीचा बर्फ कधी फुटणार?

सध्या गावात भेटेल तो एकच विचारतोय, मॅकेंझी नदीवरचा बर्फ कधी फुटणार. दुकानात, पोस्टात, शाळेच्या स्टाफरूममध्ये, सगळीकडे हेच. मी राहते ते फोर्ट सिम्पसन कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये आहे, वस्ती हजार-बाराशेची, गाव एका बेटावर आणि बेट दोन नद्यांच्या संगमावर. दक्षिणेकडून लियार्ड येते आणि मॅकेंझीला मिळते. इथल्या डेने या मूळनिवासी लोकांचं गावाला स्वतःचं नाव आहे, लीडली कुए, म्हणजे नद्या एकत्र येतात ती जागा. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला एकदम घर आठवलं, कारण मी कराडची, प्रीतिसंगमावर वाढलेली. कृष्णा आणि कोयना जशा समोरासमोर येऊन भेटतात तशा या भेटत नाहीत, पण संगमावर उभं राहून दोन पाण्यांचे रंग बघायची सवय मात्र तिथलीच.

आणि रंग खरंच बघण्यासारखे आहेत! लियार्ड डोंगरातून गाळ घेऊन येते, चहासारखी तपकिरी. मॅकेंझी निघते ग्रेट स्लेव्ह लेकमधून, ते तळं 614 मीटर खोल, उत्तर अमेरिकेतलं सगळ्यात खोल, त्यामुळे गाळ तिथेच तळाला बसतो आणि नदी स्वच्छ बाहेर पडते. गावाच्या खाली दोन्ही पाणी एकाच पात्रात शेजारी शेजारी वाहतात, एका काठाला गढूळ, दुसऱ्या काठाला नितळ, आणि पूर्ण मिसळायला शेकडो किलोमीटर जावे लागतात.

तळ्यापासून समुद्रापर्यंत मॅकेंझी 1,738 किमी, आपल्या कृष्णेपेक्षा लांब, आणि पीस, फिनले या वरच्या नद्या धरल्या तर 4,241 किमी. खोरं जवळपास 18 लाख चौरस किमी, म्हणजे सहा महाराष्ट्र मावतील, आणि एवढ्या लांब मुख्य नदीवर पूल फक्त एक, फोर्ट प्रॉव्हिडन्सजवळचा देह चो ब्रिज, तोही 2012 मध्ये सुरू झालेला. देह चो म्हणजे मोठी नदी, हे तिचं डेने नाव, आणि मला तेच जास्त आवडतं. अलेक्झांडर मॅकेंझी 1789 मध्ये इथून खाली गेला तो पॅसिफिक शोधत, पोचला आर्क्टिकला, आणि नाव मात्र त्याचं लागलं.

आता बर्फाचं सांगते, कारण खरी गोष्ट तीच आहे. ही नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. म्हणजे उन्हाळा आधी वरच्या अंगाला येतो आणि खाली उशिरा. मे महिन्यात लियार्डच्या डोंगरातला बर्फ वितळतो, पाणी फुगतं, वरचा बर्फाचा थर फोडत ती गावाकडे येते, आणि इथे मॅकेंझी अजून घट्ट गोठलेली असते, कारण मागे ते अवाढव्य थंड तळं आहे, तिथला बर्फ जूनपर्यंत हलत नाही. मग फुटलेले तुकडे अडकतात, एकावर एक चढतात, बर्फाचं धरण तयार होतं आणि पाण्याला जायला जागाच राहत नाही. आपल्याकडे पूर येतो पावसाने, इथे आकाश निळंशार असताना येतो. 2021 च्या मे महिन्यात असंच झालं, बेटावरच्या लोकांना उंचावर न्यावं लागलं, आणि वरच्या बाजूचं जीन मरी रिव्हर हे छोटं गाव तर जवळजवळ सगळं पाण्याखाली गेलं. मी तेव्हा इथे नव्हते. पण शेजारच्या आजी पाणी त्यांच्या अंगणात कुठवर आलं होतं ते हात करून दाखवतात तेव्हा मी गप्प उभी राहते, 2019 ला कराड-सांगलीत जे झालं ते बघितलेल्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही.

या दिवसांत गाव तुटलेलं असतं. हिवाळाभर लियार्डवरून गाड्या बर्फावरून जातात, उन्हाळ्यात गाड्या नेणारी फेरी बोट चालते, पण मधले काही आठवडे बर्फ गाडी पेलत नाही आणि फेरीला पाणी मोकळं नसतं, मग विमान किंवा हेलिकॉप्टर. म्हणून एप्रिलमध्येच सगळे पीठ, तांदूळ, दूध पावडर भरून ठेवतात. मी तुरडाळही भरली आहे, एडमंटनहून आणलेली दहा किलो.

दुसरी काळजी उलटीच आहे. 2024 ला नदीत इतकं कमी पाणी होतं की खालच्या नॉर्मन वेल्ससारख्या गावांना बार्जने, म्हणजे सपाट मालवाहू बोटीने, सामान जाऊच शकलं नाही, इंधनसुद्धा विमानाने न्यावं लागलं आणि सगळं महाग झालं. दुष्काळ पडला होता नदीच्या खूप वरच्या अंगाला, ब्रिटिश कोलंबिया आणि अल्बर्टाच्या बाजूला, आणि चटका बसला इथल्या लोकांना. तेव्हापासून मी वर्गात मुलांना नकाशा आधी खोऱ्याचा दाखवते, प्रांतांचा नंतर.

आज शाळेतून येताना काठावर गेले होते. लियार्डच्या बाजूला काळी भेग पडली आहे, परवा नव्हती. आजी म्हणाल्या, अजून चार दिवस, आवाज आधी येईल, रात्री खिडकी थोडी उघडी ठेव.