तुम्ही विचारलंत म्हणून: मोर का रुसला?

"एवढे अवघड इंग्लिश शब्द लक्षात कसे ठेवायचे, आणि त्या निमॉनिक्सनी, म्हणजे लक्षात ठेवायच्या युक्त्यांनी, खरंच काही होतं का, की नुसता टाइमपास?" हे मला सारखं कुणी ना कुणी विचारतं आणि दरवेळी मी अर्धवट काहीतरी सांगून वेळ मारून नेते, म्हणून आज एकदाच काय ते लिहून टाकते.

होतं. पण लोकांना वाटतं तेवढं नाही.

आधी मोरोस हा शब्द घ्या. अर्थ घुम्या, तोंड पाडून बसलेला. "मोरोस म्हणजे घुम्या, मोरोस म्हणजे घुम्या" असं कितीही घोका, परवापर्यंत गेला समजा, कारण त्या आवाजाच्या ओळखीचं तुमच्या डोक्यात कुणीच नाहीये. आता म्हणा "मोर रुसला". पिसारा मिटलेला, मान वळवून कोपऱ्यात बसलाय, हाक मारली तरी बघत नाही. झालं काम! अबेट म्हणजे ओसरणं, जोर कमी होणं, तर पुराचं पाणी ओसरलं आणि मधलं बेट दिसायला लागलं. लॅसिट्यूड म्हणजे ग्लानी, अंगात त्राण नसणं, लस घेतल्यावर दुसऱ्या दिवशी येते ना तीच. मेटिक्युलस म्हणजे इतका काटेकोर की बाकीचे मेटाकुटीला येतात. आणि माझी सगळ्यात लाडकी पेन्युरी, म्हणजे कमालीचं दारिद्र्य: सगळं विकून झालं, खिशात फक्त पेन उरी.

हसलात ना? हसलात तर राहील लक्षात.

यातली मेख अशी की नुसता आवाज जुळून भागत नाही, त्या चित्रात अर्थ पण पाहिजे. लोक्वेशियस म्हणजे बडबड्या, हा "लोक" वरून लक्षात ठेवा असं कुणी सांगितलं तर लोक आठवतील हो, पण लोकांचं काय? गर्दी? लोकप्रिय? लोकांना घाबरणारा? चित्रात कुणी बोलतच नाहीये. त्यापेक्षा त्याच अर्थाचा गॅरुलस बघा, गारुडी, टोपली उघडायच्या आधी तासभर ज्याच्या तोंडाचा पट्टा चालू असतो तो. इथे आवाज आणि अर्थ एकाच माणसात आहेत. तयार याद्यांमधल्या निम्म्या युक्त्या इथेच मार खातात, त्या बनवणाऱ्याला चमकदार वाटलेल्या असतात आणि आपल्याला युक्तीच पाठ करत बसावी लागते. म्हणून स्वतःची बनवा, भिकार असली तरी चालेल, कुणाला दाखवायची थोडीच आहे.

हे सगळं नुसतं माझं मत नाही बरं का. 1975 साली अ‍ॅटकिन्सन आणि रॉ या दोघा संशोधकांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्यार्थ्यांना 120 रशियन शब्द शिकवले, अर्ध्यांना याच पद्धतीने. झ्वनोक म्हणजे घंटा, त्यात "ओक" ऐकू येतं, मग घंटा लटकवलेलं ओकचं झाड डोळ्यासमोर आणायचं. शेवटच्या परीक्षेत युक्तीवाल्यांना 72 टक्के आले, बाकीच्यांना 46. लोक इथेच थांबतात आणि टाळ्या वाजवतात. पुढचं कुणी सांगत नाही, की सहा आठवड्यांनी परत विचारलं तेव्हा युक्तीवाले 43 वर आले होते आणि बाकीचे 28 वर. म्हणजे पुढे होतेच, पण विसरले ते पण भरपूर. 2013 मध्ये डनलॉस्की वगैरे मानसशास्त्रज्ञ मंडळींनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या त्यात या आवाज जुळवून चित्र बनवायच्या, म्हणजे कीवर्डवाल्या, पद्धतीला खालचा दर्जा दिला, आणि वरचा दर्जा मिळाला तो दोनच गोष्टींना, स्वतःची परीक्षा घेणं आणि अंतर ठेवून उजळणी करणं. मला हे दोन्ही निकाल एकदम पटतात. युक्ती हा टेकू आहे, शब्द स्वतःच्या पायावर उभा राहीपर्यंत लावायचा. टेकू लावून ठेवला आणि पुढे काहीच केलं नाही की सहा आठवड्यांत मोर आठवतो, तो का रुसला होता ते आठवत नाही.

म्हणून कार्ड. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ, आणि उलटायच्या आधी उत्तर तोंडाने म्हणायचं, मनात "हं, येतंय मला" म्हणून उलटायचं नाही, ती शुद्ध फसवणूक आहे. आलं तर ते कार्ड पुढच्या डब्यात जातं आणि जरा उशिरा परत येतं, चुकलं तर पहिल्या डब्यात. ही डब्यांची पद्धत सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मन पत्रकाराने 1972 मध्ये मांडली, आजची फ्लॅशकार्डवाली अ‍ॅप्स साधारण त्याच कल्पनेवर चालतात. अ‍ॅप कुठलं हे पण विचारता तुम्ही, कुठलंही.

आता एक गोष्ट जी मराठीवाल्यांना फुकटात मिळालीय आणि कुणी वापरत नाही. अशक्य, अमर यातला आपला नकाराचा "अ" आणि ग्रीकमधून इंग्लिशमध्ये आलेला "अ" हे एकाच मुळाचे आहेत. पुढे स्वर आला की आपल्याकडे त्याचा "अन" होतो, अनादर, अनंत, आणि तिकडेही अगदी तसंच, अ‍ॅनार्की म्हणजे अराजक. अ‍ॅनॉनिमस म्हणजे तर सरळ अनामिक, त्यातलं ग्रीक ओनोमा आणि आपलं नाम सख्खे नातेवाईक. नाव म्हणजे होडी वरून नेव्हल, दंत वरून डेंटल, पद वरून पेडेस्ट्रियन. यात मोर रुसवावा लागत नाही, नातं खरंच आहे, आणि एका ओळखीत चार-पाच शब्द हाताला लागतात. अर्थात प्रत्येक "अ" तसा नसतो, वरच्या अबेटमधला तसला नाही.

आणि फसवे पण असतात. रेस्टिव्ह बघून आरामात बसलेला वाटतो ना? अर्थ बरोबर उलटा, अस्वस्थ, आवरत नाही असा. इन्फ्लेमेबलमधला "इन" नकाराचा नाहीये, ते पेटतंच, तेव्हा अंदाज मारून काडी लावू नका. उच्चाराचं तर विचारूच नका. शिकेनरी म्हणजे लबाडी, स्पेलिंग बघून चिकनवरून युक्ती केलीत तर अर्थ राहील पण चारचौघात चिकनरी म्हणाल. मोरोस पण ऐकायला मरोसच्या जास्त जवळ आहे. युक्ती करायच्या आधी शब्द एकदा ऐका, एवढं तरी करा.

शेवटचं दुखणं म्हणजे वापर. अबेट वादळ होतं, वेदना होते, राग होतो, पण टीव्हीचा आवाज अबेट कर असं कुणी म्हणत नाही. हे कुठलीच युक्ती शिकवत नाही, त्याला वाचनच लागतं, कार्डावर अर्थासोबत एक खरं वाक्य तरी लिहा. जीआरई, म्हणजे परदेशात पुढच्या शिक्षणासाठी देतात ती परीक्षा, तिच्यावाल्यांनी तर ऑगस्ट 2011 पासून विरुद्धार्थी शब्दांचे आणि अ‍ॅनालॉजीचे (शब्दांच्या जोड्यांमधलं नातं ओळखायचे) प्रश्न काढूनच टाकले, आता शब्द विचारतात ते वाक्यात आणि उताऱ्यात.

रोज किती शब्द करायचे? पाच-सात पुष्कळ झाले, आणि तेही वाचताना अडलेले. फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन पाठ करणाऱ्यांना माझा दंडवत. त्याचा अर्थ एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणं, आणि सगळ्यात लांब शब्द कुठला या गप्पा सोडून तो मला अजून कुठे भेटलेला नाही.