आठ फोटोंचे पाकीट

आमचे मामा मस्कतला नोकरीला असताना एका सुट्टीत त्यांनी पोलरॉइड ६०० जातीचा, काढलेला फोटो लगेच बाहेर देणारा कॅमेरा आणला होता, आणि तो रत्नागिरीच्या घरातल्या कपाटात कित्येक वर्षे नुसता पडून होता. त्यात बिघाड काहीच नव्हता, फक्त त्याची फिल्म मिळेनाशी झाली होती. या कॅमेऱ्याची बॅटरीसुद्धा फिल्मच्या पाकिटातच बसवलेली असते, त्यामुळे पाकीट नसेल तर त्याचा फ्लॅशदेखील पेटत नाही.

कॅमेरे जपून ठेवले की टिकतात, परंतु फिल्म सतत कोणीतरी बनवावी लागते. फेब्रुवारी २००८ मध्ये पोलरॉइडने फिल्मचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले, तेव्हा नेदरलँड्समधल्या एन्स्खडे गावचा कारखानाही बंद पडायला निघाला होता. फ्लोरिआन काप्स आणि त्याच कारखान्यात काम केलेले आंद्रे बॉसमन यांनी काही साथीदारांसह तिथली यंत्रे विकत घेतली. यंत्रे वाचली खरी, पण त्यांत घालायची अनेक रसायने आता कोणीच बनवत नव्हते, म्हणून फिल्म जवळजवळ नव्याने शोधून काढावी लागली. २०१० मध्ये ती बाजारात आली, तेव्हा बाहेर पडणाऱ्या फोटोवर उजेड पडला तर तो खराब होत असे. आपल्या कामाला ‘इम्पॉसिबल’ असे नाव देणारी ही माणसे मला फार आवडतात. पुढे पोलरॉइड हे नावही त्यांच्याच कंपनीकडे आले.

पुण्यात पहिले पाकीट मागवले, त्या दिवशी मी प्रथम कॅमेऱ्याचे रोलर ओल्या फडक्याने पुसले. फोटोच्या खालच्या रुंद पांढऱ्या पट्टीत रसायनाची एक चपटी पुडी दडलेली असते. फोटो बाहेर येताना दोन रोलर ती चिरडतात आणि आतला लगदा थरांमध्ये एकसारखा पसरतो. रोलरवर वाळलेला एखादा कण राहिला, तर त्याचा ठिपका ठरावीक अंतराने फोटोवर उमटत जातो. पोलरॉइडचे संस्थापक एडविन लँड यांनी अख्खी डार्करूम कागदाच्या जाडीत बसवली, याचे नवल मला दर खेपेस वाटते. (फोटो हलवून वाळवायचा नसतो, आमच्याकडे मात्र प्रत्येक जण तो उदबत्तीसारखा हलवतो.)

आपल्याकडचा उन्हाळा या फिल्मला मानवत नाही. अठ्ठावीस अंशांच्या वर तापमान गेले की रंग पिवळट-तांबूस होतात, म्हणून आमच्या फ्रिजमध्ये कैरीच्या लोणच्याशेजारी फिल्मचा डबा असतो. एका फोटोच्या खर्चात दोघांची मिसळ सहज होते, हेही खरे.

फुजीफिल्म कंपनीच्या इन्स्टॅक्स या झटपट फोटोंच्या फिल्मला मी पूर्वी नाके मुरडत असे. आता लग्नाच्या हॉलमध्ये पाहुण्यांचे ते चिमुकले फोटो वहीत चिकटवलेले दिसले की बरे वाटते, कारण १९९८ पासून चालत आलेल्या त्या फिल्मला गिऱ्हाईक आहे. अर्थात त्याच फुजीफिल्मने एफपी-१००सी ही, फोटो वरच्या थरापासून हाताने सोलून काढायची फिल्म २०१६ मध्ये बंद केली आणि तिच्यावर चालणारे कितीतरी चांगले कॅमेरे पोरके झाले. म्हणून कंपनीच्या आकारापेक्षा दर महिन्याला खपणाऱ्या पाकिटांवर माझा अधिक भरवसा आहे, आणि परवडेल तेवढी पाकिटे मी घेत राहणार आहे.

गेल्या दिवाळीला मामा पुण्याला आले, तेव्हा कॅमेरा त्यांच्या हातात दिला. जुन्या पाकिटात दहा फोटो असत. नवी फिल्म जाड असल्यामुळे आठच मावतात, पण कॅमेऱ्याचा आकडा अजूनही दहापासूनच उतरतो. मामांनी आठवा फोटो मामींचा काढला, मागचा आकडा पाहिला आणि म्हणाले, “अजून दोन आहेत की रे!”